जुनी छोटी गाडी विजेवर आणताना : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

जुन्या छोट्या गाडीचे इंजिन उतरवून तिच्यात विजेची मोटर बसवण्याची इच्छा असलेला माणूस बहुधा सर्वप्रथम मोटर कोणती घ्यावी हे विचारतो आणि त्यापाठोपाठ बॅटरी किती मोठी असावी हे. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरे माहितीपत्रकात नसतात. ती त्या गाडीतच असतात, आणि गाडी मूळ इंजिनावर चालती आहे तोवरच ती मोजून घेता येतात. इंजिन एकदा उतरले की पुढच्या आणि मागच्या चाकांवर पडणारे मूळ वजन, रस्त्यावर गाडीला होणारा विरोध, मूळ उंची यांपैकी काहीच पुन्हा हाती लागत नाही, आणि मग अंदाजाने घेतलेला प्रत्येक निर्णय पुढच्या टप्प्यावर काम अडवतो. म्हणून या लेखात मोजमापाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

हे काम करायला पदवी लागत नाही, मात्र पाना आणि मल्टिमीटर दोन्ही हाताळायची सवय लागते. ज्याने आजवर स्वतःच्या हाताने ब्रेकचे व्हील सिलिंडर बदललेले नाहीत, त्याने आधी तेवढे करून पाहावे. केवळ सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्याला वर्षभर सहज लागते, आणि तेवढा काळ गाडी उभी ठेवता येईल अशी कोरडी, बंदिस्त जागा हवी.

आधी परवानगी, मग पाना

वाहननोंदणीचे नियम प्रत्येक देशात निराळे आहेत. काही ठिकाणी गाडीचे इंधन बदलण्यापूर्वीच परवानगी घ्यावी लागते, तर काही ठिकाणी काम पूर्ण झाल्यावर तपासणी होते. पहिला बोल्ट सोडण्यापूर्वी नोंदणी कार्यालयाकडून लेखी उत्तर मिळवावे आणि विमा कंपनीलाही कळवावे.

जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे फिवा, विजेवर आणलेल्या गाडीला आपल्या व्याख्येतले ऐतिहासिक वाहन मानत नाही. तरीही ज्यांना हे करायचेच आहे त्यांनी सर्व बदल पूर्ववत करता येतील असेच करावेत आणि काढलेले मूळ भाग खुणा करून सुरक्षित ठेवावेत, असे तो आग्रहाने सांगतो. हा सल्ला मला मनापासून पटतो. गाडीच्या मूळ पत्र्याला नवे भोक पाडायचे नाही आणि चासीचा एकही भाग कापायचा नाही, असा नियम सुरुवातीलाच घालून घेतला, तर विचार करून काम करण्याची शिस्त आपोआप लागते. मूळ इंजिन ज्या बोल्टांवर बसले होते, त्याच बोल्टांवर मोटर बसली पाहिजे.

कोणती गाडी

हलकी गाडी निवडावी. १९५७ साली आलेल्या छोट्या फियाट ५०० चे वजन सुमारे ५०० किलो होते आणि तिचे ४७९ सीसीचे इंजिन १३ अश्वशक्तीचे, म्हणजे जेमतेम १० किलोवॉटचे होते. एवढ्याशा शक्तीवर ती गाडी माणसांना घेऊन फिरत असे, हे लक्षात ठेवले की अवाढव्य मोटर घेण्याचा मोह आवरतो.

गाडीची रचनाही पाहावी. फोक्सवॅगन बीटलचे इंजिन मागे असते आणि ते गिअरबॉक्सला केवळ चार बोल्टांनी धरलेले असते. इंजिन काढल्यावर गिअरबॉक्स जागच्या जागी राहतो, त्यामुळे नवशिक्याला ही गाडी सर्वांत सोयीची. तिच्या स्पीडोमीटरची केबलही पुढच्या डाव्या चाकातून येत असल्याने तो जसाच्या तसा चालू राहतो. याउलट १९५९ च्या मूळ मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या तेलाच्या टाकीतच बसवलेला आहे. इंजिन काढायचे म्हटले की गिअरबॉक्सही बाहेर येतो आणि मग संपूर्ण चालक यंत्रणा नव्याने बसवावी लागते. पहिल्याच कामासाठी ती गाडी घेऊ नये.

फरशीचा पत्रा, स्प्रिंगच्या बैठका आणि जॅक लावायच्या जागा गंजलेल्या असतील, तर आधी ते काम पुरे करावे. गिअरबॉक्सचा आवाजही इंजिन चालू असतानाच नीट ऐकून ठेवावा. इंजिनाच्या आवाजाखाली झाकलेली बेअरिंगची घरघर विजेवर गेल्यावर स्पष्ट ऐकू येते, आणि मग तो दोष नव्या मोटरच्या माथी मारला जातो.

इंजिन उतरवण्यापूर्वीची मोजमापे

पहिले मोजमाप वजनाचे. वजनकाट्यावर आधी केवळ पुढची चाके, मग केवळ मागची चाके आणि शेवटी संपूर्ण गाडी चढवून तिन्ही आकडे लिहून घ्यावेत, आणि त्या वेळी टाकीत किती इंधन होते तेही नोंदवावे. गाडीवरच्या पट्टीवर किंवा मूळ पुस्तिकेत कमाल एकूण वजन आणि बहुधा चाकांच्या प्रत्येक जोडीवरचे कमाल वजनही दिलेले असते. पुढे बॅटरी कुठे ठेवायची याचा निर्णय याच आकड्यांवरून होतो. गाडी सपाट जमिनीवर असताना प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतरही मोजून ठेवावे. काम झाल्यावर ते अंतर चार मिलिमीटरने कमी झालेले असेल तर काळजी नाही, पण चाळीसने कमी झाले असेल तर स्प्रिंगचा विचार करावा लागतो.

दुसरे मोजमाप रस्त्यावरचे. एखादा सपाट, मोकळा, रहदारी नसलेला रस्ता शोधून गाडी ताशी ६५ किलोमीटरपर्यंत न्यावी, गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा, आणि वेग ६० वरून ५० वर यायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने मोजावे. वारा आणि सूक्ष्म चढउतार वगळण्यासाठी दोन्ही दिशांनी तीन तीन वेळा मोजून सरासरी काढावी. समजा माणसांसह गाडीचे वजन ८०० किलो आहे आणि सरासरी १० सेकंद आली. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २.७८ मीटर, तेव्हा वेग दर सेकंदाला ०.२७८ मीटरने घटला, आणि ८०० ला ०.२७८ ने गुणले की विरोध सुमारे २२२ न्यूटन निघतो. एक किलोमीटर अंतर या विरोधाविरुद्ध कापायला २,२२,००० जूल, म्हणजे सुमारे ६२ वॉट-तास ऊर्जा चाकांपाशी लागते. मोटर, तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर आणि गिअरबॉक्स यांतली गळती धरून चाकांपर्यंत ८० टक्के ऊर्जा पोहोचते असे मानले, तर बॅटरीतून दर किलोमीटरला ७७ वॉट-तास जातील. हा एकसारख्या वेगाचा आकडा झाला. थांबणे, पुन्हा निघणे आणि चढ धरून १२० ते १३० वॉट-तास धरणे शहाणपणाचे आहे. या एका प्रयोगावर मी इतका भर देतो, कारण त्यातून मिळणारा आकडा कोणा विक्रेत्याचा नसून तुमच्या गाडीचा, तुमच्या टायरांचा आणि तुमच्या चाकांतल्या बेअरिंगांचा असतो. ६० वरून ५० वर यायला ६ सेकंदच लागत असतील, तर मोठी बॅटरी शोधण्याआधी कुठला ब्रेक चाकाला घासतो आहे ते शोधावे.

मोटर किती शक्तीची

वरच्याच उदाहरणातल्या गाडीला ताशी ५५ किलोमीटर वेगाने सपाटीवर चालायला साडेतीन किलोवॉटही पुरतात. खरा कस चढावर लागतो. ९०० किलो वजन घेऊन शंभर मीटरला दहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेग ठेवायचा, तर सुमारे १२ किलोवॉट लागतात. यावरून सतत १५ किलोवॉट आणि थोड्या वेळासाठी ३० ते ३५ किलोवॉट देणारी मोटर अशा गाडीला भरपूर होते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा थोड्या वेळाच्या शक्तीचा असतो. सतत किती शक्ती मिळते हे मुद्दाम विचारून घ्यावे. जास्त शक्तीचा तोटा असा की विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण पीळ (टॉर्क) देते, आणि १३ किंवा ३४ अश्वशक्तीसाठी घडवलेल्या गिअरबॉक्सचे दाते तो पीळ फार काळ सोसत नाहीत.

मोटरीचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. कार्बन ब्रश असलेली डीसी सिरीज मोटर साधी आणि दणकट असते, पण ब्रेक लावताना ऊर्जा बॅटरीत परत टाकणे तिला सहजी जमत नाही, आणि भार नसताना पूर्ण व्होल्टेज दिले तर तिचा वेग बेलगाम वाढून ती फुटू शकते. एसी इंडक्शन किंवा कायम चुंबकाच्या मोटरीला तिच्या जोडीचा कंट्रोलर लागतो, ऊर्जा परत मिळवता येते आणि ब्रश झिजण्याचा प्रश्न उरत नाही. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने दुसरा वर्ग निवडावा, आणि मोटर व कंट्रोलर एकाच जोडीतले, एकमेकांशी आधीच जुळवलेले घ्यावेत.

बॅटरीचा हिशेब

नवशिक्याने लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी प्रकारचे सेल घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेलांपेक्षा ते तेवढ्याच ऊर्जेला जड पडतात, पण तापून पेट घेण्याकडे त्यांचा कल कितीतरी कमी असतो, आणि घराशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत हा फरक महत्त्वाचा आहे. एलएफपी सेलचे सरासरी व्होल्टेज ३.२ असते. त्याला ३.६५ च्या वर भरू नये, २.५ च्या खाली उतरू देऊ नये आणि तापमान शून्य अंशाखाली असताना चार्ज करू नये, कारण त्या वेळी लिथियम आत धातूच्या रूपात साचते आणि सेल कायमचा खराब होतो.

उदाहरणादाखल १०० अँपिअर-तासाचे ४५ सेल एकसर जोडले, तर १४४ व्होल्ट आणि १४.४ किलोवॉट-तास मिळतात. त्यातले ८० टक्के वापरले तर साडेअकरा किलोवॉट-तास होतात, आणि दर किलोमीटरला १३० वॉट-तास या हिशेबाने गाडी सुमारे ८८ किलोमीटर जाते. ३.३ किलोवॉटचा चार्जर ही बॅटरी साडेचार-पाच तासांत भरतो. हे सेल प्रत्येकी दोन किलोच्या आसपास असतात. पेट्या, केबली आणि मोटर धरून वाढलेले वजन आणि इंजिन, टाकी, इंधन, धुराडे काढून घटलेले वजन यांची वजाबाकी केली, तर गाडी काही दहा किलोंनीच जड होते. हा मार्ग सोडून लांब पल्ल्याच्या मागे लागले की काय होते, याचे चांगले उदाहरण फोक्सवॅगनने २०१९ मध्ये दाखवलेल्या विजेवरच्या बीटलचे आहे. ३६.८ किलोवॉट-तासांच्या बॅटरीसह तिचे वजन १,२८० किलो झाले, म्हणजे मूळ गाडीपेक्षा चारपाचशे किलो जास्त, आणि त्यासाठी तिची चासी व ब्रेक बळकट करावे लागले. कंपनीला ते शक्य होते. घरी काम करणाऱ्याने गाडीला पेलेल तेवढ्यावर थांबावे.

अपघातग्रस्त विजेच्या गाड्यांतली मॉड्यूलही मिळतात. उदाहरणार्थ, २०१० च्या पहिल्या निसान लीफची २४ किलोवॉट-तासांची बॅटरी ४८ मॉड्यूलांची होती, म्हणजे नवे असताना एका मॉड्यूलात अर्धा किलोवॉट-तास. पण वापरलेल्या मॉड्यूलची उरलेली क्षमता प्रत्येकाची स्वतंत्र मोजल्याशिवाय वरचा हिशेब त्यांना लावू नये.

इंजिन उतरवताना

टाकीतले इंधन मोकळ्या हवेत, ठिणगी किंवा चालू दिवा जवळ नसताना योग्य डब्यात काढावे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवेचे मिश्रण असते; तिच्यावर वेल्डिंग किंवा ग्राइंडर कदापि चालवू नये. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधावी, छायाचित्रे घ्यावीत आणि चेनपुलीने इंजिन उतरवावे. सिलिंडरांत थोडे तेल सोडून स्पार्क प्लग परत बसवावेत, सर्व तोंडे बंद करावीत आणि इंजिन झाकून ठेवावे.

आता या कामातले सर्वांत नाजूक मोजमाप. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या शाफ्टच्या टोकावरची जड चकती, इंजिनावरच असताना, इंजिनाचा जो सपाट पृष्ठभाग गिअरबॉक्सला चिकटतो त्यावर एक सरळ पोलादी पट्टी आडवी धरावी आणि पट्टीपासून फ्लायव्हीलच्या क्लच प्लेट घासणाऱ्या तोंडापर्यंतचे अंतर डेप्थ व्हर्निअरने मोजावे. फ्लायव्हील पाव फेरा फिरवून पुन्हा मोजावे, असे चार वेळा. क्रँकशाफ्टमध्ये पुढेमागे सरकण्याइतकी फट असल्यामुळे तो दर वेळी एकाच दिशेला दाबून धरावा, नाहीतर आकडे डळमळतात. हे अंतर नव्या जोडणीत जसेच्या तसे राखले, तरच मूळ क्लच मूळ जागी काम करतो. मी पहिल्या वेळी हा आकडा कागदाच्या कपट्यावर लिहिला आणि कपटा हरवला. पुन्हा सगळे जोडून मोजण्यात दोन सुट्ट्या गेल्या. तेव्हापासून तो आकडा मी वहीत लिहितो आणि इंजिनाच्या पाठीवरही रंगाने लिहून ठेवतो.

जोडप्लेट आणि कपलर

मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जाड ॲल्युमिनियमची जोडप्लेट येते, आणि मोटरच्या शाफ्टवर फ्लायव्हील धरणारा कपलर बसतो. ही दोन्ही कामे चांगल्या लेथवर अनुभवी टर्नरकडूनच करून घ्यावीत. बीटलसारख्या प्रचलित गाड्यांसाठी ती तयारही मिळतात, आणि मिळत असतील तर तयारच घ्यावीत. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे टोक मूळ रचनेत फ्लायव्हीलच्या बाजूच्या एका छोट्या बेअरिंगमध्ये टेकलेले असते. कपलरमध्येही त्या बेअरिंगची जागा ठेवायला विसरू नये. ते नसेल तर शाफ्ट अधांतरी फिरतो आणि गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग लवकर जाते.

जोडणी झाल्यावर डायल गेजचा, म्हणजे बारीक हालचाल सुईने दाखवणाऱ्या मापकाचा, पाय जोडप्लेटवर चुंबकाने न चिकटता क्लॅम्पने धरवून, कारण ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही, सुई फ्लायव्हीलच्या कडेवर टेकवावी आणि मोटर हाताने सावकाश फिरवावी. सुई ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. जास्त हलली तर मोटर चालवून पाहण्याची घाई न करता कपलर उतरवून त्याचे बूड पुसावे. पुष्कळदा तिथे धातूचा बारीकसा कीस अडकलेला असतो. मोटर कुठल्या दिशेने फिरते हेही इंजिनाच्या मूळ दिशेशी ताडून पाहावे.

क्लच ठेवावा की काढून टाकावा याबद्दल मतभेद आहेत. क्लच काढला तर फिरणारे वजन घटते आणि जोडणी सोपी होते, पण गिअर बदलायला संथपणा येतो. पहिल्या गाडीत क्लच ठेवावा असे मी सुचवतो, कारण कंट्रोलरमध्ये बिघाड होऊन मोटर थांबेनाशी झाली, तर पायाखालचा क्लच हे ती चाकांपासून तोडण्याचे ओळखीचे साधन असते.

उच्च व्होल्टेजचे काम

वाहनांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ६० व्होल्टच्या वरची डीसी वीज उच्च व्होल्टेज मानली जाते. वर सांगितलेली ४५ सेलांची बॅटरी पूर्ण भरल्यावर १६४ व्होल्टची होते. तिचा झटका जीव घेऊ शकतो, आणि डीसी विजेची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. म्हणून बॅटरी पंधरा पंधरा सेलांच्या तीन पेट्यांत विभागावी. प्रत्येक पेटी पूर्ण भरलेली असतानाही ५५ व्होल्टच्या आत राहते, आणि पेट्या एकमेकींना जोडणारे दुवे अगदी शेवटी लावायचे. ते लावताना घड्याळ, अंगठी आणि साखळी काढलेली असावी, हातात १,००० व्होल्टसाठी प्रमाणित रबरी हातमोजे व त्यांवर चामड्याचे हातमोजे असावेत, पाने इन्सुलेशन केलेले असावेत, आणि शेजारी वीज तोडायची कशी हे माहीत असलेले दुसरे माणूस असावे. एकट्याने हा टप्पा करू नये.

पेट्यांत भरण्यापूर्वी सर्व सेल समांतर जोडून नियंत्रित पुरवठ्यावर ३.६५ व्होल्टपर्यंत सावकाश भरावेत, म्हणजे सगळे एका पातळीवर येतात. याला काही दिवस लागतात आणि त्याला पर्याय नाही. पेटीत सेल घट्ट आवळून बसवावेत, पेटी चासीच्या मूळ बोल्टांना धरावी आणि प्रवाशांच्या जागेपासून बंदिस्त ठेवावी. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी बीएमएस यंत्रणा अपरिहार्य आहे: एकही सेल मर्यादेबाहेर गेला की तिने चार्जर थांबवला पाहिजे आणि मोटरची शक्ती उतरवली पाहिजे.

बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामध्ये त्या व्होल्टेजच्या डीसीसाठी बनवलेला फ्यूज, दोन्ही ध्रुवांवर कॉन्टॅक्टर (विजेने चालणारा मोठा स्विच), वीज तोडण्यासाठी हाताने काढता येणारा खंडक आणि धडक बसताच वीज तोडणारा स्विच हवा. एसीसाठीचा फ्यूज चालत नाही. कंट्रोलरमध्ये मोठे कपॅसिटर असतात. कॉन्टॅक्टर एकदम लावला तर त्यांत प्रचंड प्रवाह धावून कॉन्टॅक्टरची टोके वितळून चिकटू शकतात. म्हणून आधी एका रेझिस्टरमधून ते भरून घ्यायचे. २,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर १०० ओहमच्या रेझिस्टरमधून एका सेकंदात जवळजवळ पूर्ण भरतात. त्यानंतरच मुख्य कॉन्टॅक्टर लागला पाहिजे. वीज बंद केल्यावरही हे कपॅसिटर काही काळ भरलेले असतात, तेव्हा मल्टिमीटरने मोजल्याशिवाय हात लावू नये.

३५ किलोवॉट शक्ती १४४ व्होल्टवर घेताना सुमारे २४३ अँपिअर वाहतात. निवडलेल्या सेलांना आणि फ्यूजला एवढा प्रवाह झेपतो का, हे त्यांच्या तक्त्यात पाहून घ्यावे. केबल ५० ते ७० चौरस मिलिमीटरची नारिंगी आवरणाची घ्यावी आणि तिच्या टोकांना बसणारे धातूचे लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबावेत. एका सांध्यात केवळ एक सहस्रांश ओहम विरोध राहिला, तरी २०० अँपिअरला तिथे ४० वॉट उष्णता तयार होते. माझ्या एका लगमध्ये तारांचे केस पूर्ण आत गेले नव्हते. बाहेरून तो इतरांसारखाच दिसत होता. चढावरून आल्यावर तापमापकाने प्रत्येक सांधा पाहिला तेव्हा बाकीचे ३५ अंशांवर आणि तो एकटा ७० च्या वर निघाला. कापून पाहिल्यावर आत एक तृतीयांश जागा पोकळ होती. म्हणून प्रत्येक लग दाबल्यावर जोराने ओढून पाहावा, आणि एक नमुन्याचा लग दाबून करवतीने आडवा कापून आत तारा घट्ट एकजीव झाल्या आहेत का ते पाहावे.

उच्च व्होल्टेजचा कोणताही ध्रुव गाडीच्या पत्र्याला जोडायचा नाही. कंट्रोलर आणि बीएमएस सोडवून ठेवून केबल आणि पत्रा यांच्यातला विरोध ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे आवरणाचा विरोध मोजणाऱ्या यंत्राने, मोजावा. दर व्होल्टला ५०० ओहम ही प्रचलित मर्यादा १४४ व्होल्टला ७२,००० ओहम होते, पण नव्या वायरिंगमध्ये आकडा कित्येक मेगाओहम यायला हवा. कमी आला तर कुठेतरी आवरण घासलेले किंवा ओले आहे.

बारा व्होल्टची बाजू आणि ब्रेक

दिवे, वायपर, हॉर्न आणि कॉन्टॅक्टर बारा व्होल्टवर चालतात. डायनॅमोची जागा डीसी-डीसी कन्व्हर्टर घेतो, पण बारा व्होल्टची छोटी बॅटरीही ठेवावीच, कारण मुख्य वीज तुटल्यावर दिवे आणि धोक्याचे सिग्नल तिच्यावरच चालतात. काही जुन्या गाड्यांची यंत्रणा सहा व्होल्टची असते. ती बदलावी लागते. १९६९ पर्यंतच्या मिनीसारख्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत पत्र्याला धन ध्रुव जोडलेला असे. हे न तपासता कन्व्हर्टर जोडला तर तो तत्क्षणी जळतो.

ब्रेक आधी दुरुस्त करावेत, मोटर नंतर बसवावी. होज, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि तेल नवे घालावे. मूळ गाडीत इंजिनाच्या निर्वातावर चालणारा ब्रेक बूस्टर असेल, तर विजेचा व्हॅक्यूम पंप लागेल. मोटरने ऊर्जा परत घेताना बसणारा ब्रेक सुरुवातीला अगदी सौम्य ठेवावा. तो केवळ चालक चाकांवर लागतो, त्यामुळे मागची चाके चालक असलेल्या हलक्या गाडीत ओल्या रस्त्यावर जोराचा झटका गाडी फिरवू शकतो. बॅटरी पूर्ण भरलेली असताना ऊर्जा परत घ्यायला जागाच नसते, तेव्हा हा ब्रेक कमी पडणार हे चालवताना ध्यानात असावे.

पहिली फेरी

चालक चाके जमिनीपासून उचलून गाडी भक्कम स्टँडवर ठेवावी, जॅकवर नव्हे. कंट्रोलरमध्ये प्रवाहाची मर्यादा अगदी खाली आणावी. किल्ली फिरवण्यापूर्वी पेडल दाबून धरले असता मोटर हलत नाही ना, हे सर्वांत आधी तपासावे. चांगले कंट्रोलर अशा वेळी सुरूच होत नाहीत. मग पेडल हळूहळू दाबून दिशा, आवाज आणि थरथर पाहावी, आणि आणीबाणीचा खंडक खरोखर वीज तोडतो याची खात्री करून घ्यावी. त्यानंतरच परवानगी असेल तिथे, बंद आवारात, चालण्याच्या वेगाने पहिली फेरी घ्यावी. दहा किलोमीटर झाल्यावर प्रत्येक सांध्याचे तापमान आणि प्रत्येक सेलचे व्होल्टेज लिहावे. शंभर किलोमीटरनंतर सर्व बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून त्यांवर रंगाची रेघ ओढावी, म्हणजे पुढे एखादा ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते.

गाडी पुन्हा काट्यावर न्यावी आणि पुढच्या-मागच्या चाकांवरचे वजन पहिल्या आकड्यांशेजारी लिहावे. वायरिंगचा आराखडा, फ्यूजची जागा, खंडक कुठे आहे आणि बॅटरी कोणत्या प्रकारची आहे, हे एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो गाडीतच, काचेतून दिसेल असा ठेवावा. अपघात झाल्यास मदतीला येणाऱ्या माणसाला ही गाडी पेट्रोलची वाटणार, आणि त्याची कात्री नारिंगी केबलपाशी पोहोचण्याआधी त्याने तो कागद वाचलेला असला पाहिजे.